रिकामे पारडे व ओळखीचे वजन

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारातील सचोटीवर काही लिहावे अशी सूचना मला केली. मी बेळगावच्या रविवार पेठेत गेली चाळीस वर्षे धान्याचा घाऊक व्यापार करीत आहे व माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आहे. सचोटीवर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. शिवाय त्या विषयावर माझ्याहून अधिकारी सभासदांनी या पृष्ठांतून पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून मी विषय तोच ठेवतो, फक्त दुकान बदलतो. ज्या मालाविषयी मी लिहिणार आहे तो पोत्यात भरला जात नाही, की क्विंटलच्या भावाने विकला जात नाही. तो थेंबाथेंबाने वापरला जातो, आणि त्या थेंबावर माणसाचे औषध ठरते. त्याचे नाव प्रतिपिंड. डॉक्टर लोक त्यास अँटिबॉडी म्हणतात.

हा विषय माझ्या वाट्यास कसा आला ते प्रथम सांगतो.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतो, ती आज सत्तरीच्या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ झाली. आमच्या घरांतील बायका असल्या दुखण्याविषयी बोलत नाहीत. अक्काही कित्येक महिने बोलली नाही. अखेर सुनेच्या ध्यानात आले. सुईने लहानसा तुकडा काढून पाहिला तो कर्करोगाचा निघाला. मग दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली व काढलेला गोळा तपासणीस गेला. काही दिवसांनी अहवाल आला. त्यात खाली तीन ओळी होत्या आणि तिन्हींपुढे 'निगेटिव्ह' हा शब्द होता. माझा मुलगा म्हणाला, "निगेटिव्ह म्हणजे बरेच झाले की!" आम्हां सर्वांस तसेच वाटले. पुढे डॉक्टरांनी उलगडून सांगितले तेव्हा कळले की ही 'नाही' आनंदाची नव्हे. या गाठीवर संप्रेरकांच्या मार्गाने काम करणाऱ्या गोळ्या लागू पडणार नाहीत, शिरेतून द्यावयाची कडक औषधे तेवढी हाती उरतात, असा तिचा अर्थ होता.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. मला जेवढे समजले तेवढेच सांगतो.

आपल्या शरीरात एक अवयव दुसऱ्या अवयवास रक्तावाटे निरोप धाडीत असतो. स्त्रीच्या शरीरातील ईस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक हा असाच एक निरोप होय. तो निरोप स्वीकारण्यासाठी पेशीत एक प्रथिन असते, त्यास ईस्ट्रोजेन ग्राही म्हणतात. निरोप पोहोचला की हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात वाढीचा हुकूम बजावते. स्तनाच्या पुष्कळशा कर्करोगांत हा ग्राही मुबलक असतो आणि रोग या निरोपावरच पोसला जातो. बीजांडकोश काढल्याने काही स्त्रियांची गाठ ओसरते, हे ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले होते. ती का ओसरते हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. शिकागो येथे एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस या ग्राहीचा माग काढला, तेव्हा त्याचे कारण उलगडू लागले. पुढे टॅमॉक्सिफेन हे औषध आले. त्यास अमेरिकेत १९७७ साली मान्यता मिळाली. हे औषध ग्राहीची जागा अडवून बसते व स्तनाच्या पेशीस निरोप मिळू देत नाही. जगभरच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब ऑक्सफर्ड येथे मांडला गेला आहे. ग्राही असलेल्या रोगात पाच वर्षे हे औषध घेतल्यास पंधरा वर्षांच्या काळात त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात आणि ग्राही नसलेल्या रोगात त्याचा लाभ होत नाही, असा तो हिशेब आहे. तेव्हा ग्राही आहे की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरास केवढी किंमत आहे हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

परंतु ग्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तो दाखविण्याचे काम प्रतिपिंड करते. लस टोचल्यावर आपले शरीर रोगजंतूस ओळखून त्याला चिकटणारी जी प्रथिने तयार करते, तीच ही जात. प्रत्येक प्रतिपिंड एका ठराविक आकारास ओळखते व त्यालाच चिकटते. जॉर्जेस कोलर व सेझार मिल्स्टाइन यांनी केंब्रिज येथे १९७५ साली एकाच पेशीच्या वंशापासून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे काढण्याची रीत शोधली व १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८० साली जेफ्री ग्रीन, जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ईस्ट्रोजेन ग्राहीस ओळखणारी अशी प्रतिपिंडे तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पक्का करतात, मग तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. त्यास तेथे 'ब्लॉक' म्हणतात. त्या ठोकळ्याचा कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काचेवर घेऊन तो विशिष्ट द्रावणात तापवितात, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकले गेलेले प्रथिनांचे आकार पुन्हा मोकळे होतात. त्यावर प्रतिपिंडाचा थेंब सोडतात. ते ग्राहीस चिकटले तर पुढील रसायनांनी ती जागा तपकिरी होते. नाही तर केंद्रक निळेच राहते. तपकिरी म्हणजे 'आहे' व निळे म्हणजे 'नाही'. सगळा निकाल या दोन रंगांत सामावलेला.

आमचे नशीब एवढे की अक्कावर उपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ अहवाल वाचून गप्प बसले नाहीत. "या वयात, या सौम्य जातीच्या गाठीत तिन्ही ओळी 'नाही' म्हणतात हे माझ्या मनास पटत नाही," असे ते म्हणाले. प्रयोगशाळेकडून दोन्ही ठोकळे, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याचा व शस्त्रक्रियेतील गोळ्याचा, आणि रंगविलेल्या काचा मागवून घेऊन त्यांनी मला मुंबईस पाठविले. तेथील एका मोठ्या रुग्णालयात काचा तपासणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. मी धान्याचा व्यापारी आहे हे ऐकल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसविले.

"काका, ही तुमच्याकडील काच. यात काय दिसते?"

"सगळे निळे दिसते."

"हा गाठीचा भाग निळा. आणि हे बाजूला गोल वळसे दिसतात, त्या अक्कांच्या निरोगी दूधनलिका आहेत. त्याही निळ्या."

मी म्हटले, "मग?"

"निरोगी नलिकेत काही पेशींना हा ग्राही असतोच, काका. तेथे तरी तपकिरी ठिपके यावयास हवे होते. ते आले नाहीत, म्हणजे गाठीत ग्राही नाही असे ठरत नाही. ही परीक्षाच झाली नाही, एवढेच ठरते."

भरलेल्या पोत्याचे वजन काट्याने शून्य दाखविले तर आपण पोते रिकामे आहे असे लिहीत नाही. वीस किलोचे शिक्क्याचे वजन काट्यावर ठेवून पाहतो. तेही शून्य आले तर काटा बंद आहे असे समजतो. तेथे नेमके हेच झाले होते. अक्काच्या शरीराने स्वतःच आपल्या ओळखीचे वजन त्याच काचेवर ठेवून दिले होते आणि काटा त्यापुढेही हलला नव्हता. पाहणाऱ्याने गाठीकडे पाहिले, वजनाकडे पाहिले नाही, आणि 'नाही' असे लिहून दिले.

असे का झाले, तेही त्या बाईंनी सांगितले. गाठ काढल्यावर ती एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावी व तेथे किमान सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावी असा दंडक आहे. मोठा गोळा चिरून न ठेवता अखंड ठेवला तर फॉर्मॅलिन आत फार सावकाश मुरते, तासाला एखादा मिलिमीटर, आणि तोवर पोटातील भाग नासू लागतो. सुट्टीच्या आदल्या दिवशीचा तो गोळा तसाच राहिला असावा. ओल्या धान्याच्या थप्पीचे बाहेरचे पोते खणखणीत असते व पोटातले पोते उबून गेलेले असते, हे आपण सर्वांनी आपल्या वखारीत पाहिले आहे. सुईने काढलेला तुकडा मात्र बारीक, म्हणून तो लगेच पक्का झाला होता. बाईंनी त्याच्या ठोकळ्याचा काप घेऊन नव्याने परीक्षा केली. दोन दिवसांनी त्यांनी दुसरी काच दाखविली. नलिकेत जागोजाग तपकिरी ठिपके होते आणि गाठीत तर बहुतेक प्रत्येक केंद्रक तपकिरी होते.

आज अक्का दररोज एक गोळी घेते. तिच्या वयाच्या स्त्रियांसाठी असलेली ही गोळी ईस्ट्रोजेनचा निरोप तयारच होऊ देत नाही. सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नाही, म्हणून दुपारच्या जेवणाबरोबर गोळी घेण्याचा तिचा नेम आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. परंतु जे औषध तिच्या हक्काचे होते ते तिला मिळाले, आणि ते चार अक्षरांच्या चुकीने हुकणार होते.

हे एकट्या आमच्या घरचे दुर्दैव असते तर मी ते येथे मांडले नसते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात सेंट जॉन्स येथील प्रयोगशाळेत १९९७ पासून २००५ पर्यंत याच ग्राहीच्या परीक्षा चुकत राहिल्या आणि आठ वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. २००५ साली एका रुग्णाची परीक्षा नव्या यंत्रावर पुन्हा केली तेव्हा 'नाही'चे 'आहे' झाले. मग जुने ठोकळे टोरांटोस पाठविण्यात आले. साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे निकाल चुकीचे निघाले. तोवर त्यांतील शंभरावर रुग्ण मरण पावले होते. त्यांतील प्रत्येक मृत्यू चुकीच्या निकालामुळेच झाला असे म्हणता येत नाही, परंतु लाभदायक ठरू शकणारे औषध त्यांना वेळेवर देऊ केले गेले नव्हते. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ साली अहवाल दिला. त्यातून कोणी दुष्ट बुद्धीचा मनुष्य निघाला नाही. निघाली ती व्यवस्थेची ढिलाई. काचेवरील ओळखीचे वजन रोज पाहण्याची, त्याची नोंद ठेवण्याची व बाहेरच्याकडून आपला काटा तपासून घेण्याची शिस्त तेथे नव्हती.

झाली ती खोट्या 'नाही'ची गोष्ट. खोट्या 'आहे'ची गोष्टही तितकीच बोधप्रद आहे. ईस्ट्रोजेन ग्राहीचा एक धाकटा भाऊ आहे, त्यास बीटा म्हणतात. १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांनी त्याचा शोध लावला. तो स्तनात व इतरत्र कोठे कोठे असतो यावर त्यानंतर ढीगभर लेख प्रसिद्ध झाले. २०१७ साली स्वीडनमधीलच संशोधकांनी या बीटासाठी वापरली जाणारी तेरा प्रतिपिंडे घेतली व ज्या पेशींत बीटा आहे आणि ज्यांत तो नाही अशा दोन्हींवर ती लावून पाहिली. तेरांपैकी एकच प्रतिपिंड खरे उतरले. त्या एका खऱ्या प्रतिपिंडाने पाहिले असता निरोगी स्तनात वा स्तनाच्या कर्करोगात बीटा आढळलाच नाही. म्हणजे ज्या प्रथिनाचा स्तनात ठावठिकाणा नाही त्याच्याविषयी लोक वर्षानुवर्षे दुसऱ्याच कशाचा तरी रंग पाहून लिहीत होते.

हा काटा बंद नव्हता. हा रिकाम्या पारड्यासही झुकणारा काटा होता. आपल्या वाडवडिलांच्या काळी तराजू हाती घेतला की प्रथम दोन्ही पारडी रिकामी धरून पासंग पाहत. गिऱ्हाईकही ते पाहून मगच माल घालू देई. आता विजेचा काटा आला तरी माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे ना, हे आपण पाहतोच. शास्त्रज्ञांपाशीही आज असे रिकामे पारडे आहे. ज्या प्रथिनाचा शोध घ्यावयाचा त्याचे जनुकच काढून टाकलेल्या पेशी ते तयार करतात. तेथेही प्रतिपिंडाने रंग दाखविला तर ते खोटे, असा हा स्वच्छ न्याय आहे.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांच्या पुढाकाराने हाच न्याय मोठ्या प्रमाणावर लावण्यात आला. बाजारात विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे, ६५ मानवी प्रथिनांसाठीची, त्यांनी अशा रिकाम्या पारड्यावर तोलली व २०२३ साली निकाल मांडला. पुष्कळशा प्रथिनांसाठी निदान एक तरी चांगले प्रतिपिंड बाजारात आहे, ही त्यातील समाधानाची गोष्ट होय. असमाधानाची गोष्ट अशी की नापास झालेल्या प्रतिपिंडांवर आधारलेले सरासरी बारा लेख दर प्रथिनामागे आढळले. यात व्यापारी म्हणून मला विशेष वाटले ते निराळेच. ही तपासणी माल विकणाऱ्या कंपन्यांच्या सहकार्याने झाली. त्यांनी आपला माल परीक्षेस दिला, आणि निकाल प्रतिकूल आल्यावर कित्येक प्रतिपिंडे विक्रीतून काढून घेतली किंवा त्यांच्या उपयोगाविषयीच्या सूचना बदलल्या. आपला माल चव्हाट्यावर तोलू देणे व खोटा निघाला तर परत घेणे, यापरती सचोटीची व्याख्या माझ्यापाशी नाही.

आपल्या समाजातील वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. ही प्रतिपिंडे येतात कोठून? बहुतेकांचा उगम उंदीर वा ससा यांसारख्या प्राण्यास टोचण्यात आहे. पूर्वी तर उंदराच्या पोटात द्रव साठवून ती काढीत, आणि त्यात त्या जिवाचे फार हाल होत. अक्काच्या काचेवरील थेंबाचा उगमही असाच असणार हे मला ठाऊक आहे आणि त्याचे शल्यही आहे. तथापि या बाबतीत काळ पुढे जात आहे. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली दाखविलेल्या व ग्रेगरी विंटर यांनी प्रतिपिंडांसाठी विकसित केलेल्या रीतीने प्राण्यास न टोचताही प्रतिपिंडे निवडून काढता येतात. त्या दोघांना २०१८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. युरोपीय संघाच्या संबंधित केंद्राने २०२० साली प्राण्यांवाचून तयार होणारी प्रतिपिंडे वापरावीत अशी शिफारस केली. मॉन्ट्रियलच्या तपासणीत जनुकाची नोंद ठेवून पात्रात तयार केलेली प्रतिपिंडे सर्वसाधारणपणे सरस ठरली. त्यांतील सगळ्यांचाच उगम प्राण्यावाचून झालेला असतो असे नव्हे, परंतु एकदा नोंद झाली की पुन्हा पुन्हा प्राण्याकडे जावे लागत नाही आणि दर खेपेचा माल सारखा निघतो. खोट्या प्रतिपिंडापायी मात्र जीवही जातो व ज्ञानही मिळत नाही. तेव्हा ज्यास अहिंसेची चाड आहे त्याने तरी तपासून घेतलेल्या मालाचाच आग्रह धरला पाहिजे.

आता माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. आमच्या पेठेतील एक वडीलधारे सभासद मला म्हणाले, "अहो, डॉक्टरांच्या कामात आपण नाक खुपसू नये. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे." मला हे मान्य नाही. मी शेतकऱ्याच्या पोत्यात परखी खुपसून दाणा तळहातावर घेतो तेव्हा त्यास चोर म्हणत नाही. तो माझ्या काट्याचा शिक्का पाहतो तेव्हा तोही मला चोर म्हणत नाही. पारख हा विश्वासाचा पाया आहे. आपल्या काट्यास ठराविक मुदतीने सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो व चुकल्यास दंड भरावा लागतो. आपल्या देशात प्रयोगशाळेने एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेणे मात्र ऐच्छिक आहे. हरभऱ्याच्या पोत्यास जे संरक्षण आहे ते आपल्या लेकीबाळींच्या अहवालास नसावे काय?

दुसरा आक्षेप खर्चाचा व धावपळीचा. तो काही अंशी खरा आहे. बहुसंख्य अहवाल बरोबरच असतात, आणि मनासारखे उत्तर मिळेपर्यंत एका प्रयोगशाळेतून दुसरीत हिंडणे हा तर सोयीचा काटा शोधणाऱ्या व्यापाऱ्याचा मार्ग झाला. उपचारास उशीर होऊ देणे त्याहून वाईट. मी प्रत्येक अहवालावर संशय घ्या असे म्हणत नाही. अहवालाबरोबर काट्याचा दाखला मागा, एवढेच म्हणतो. तो नसेल, किंवा 'नाही' हे उत्तर डॉक्टरांनाच अनपेक्षित वाटत असेल, तर पुन्हा तोलून घ्या आणि जे वजन भरेल ते मुकाट्याने मान्य करा.

दाखला मागावयाचा म्हणजे काय? विचारावयाचे प्रश्न चारच आहेत व ते आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसासही विचारता येतात. गाठ काढल्यावर ती किती वेळात फॉर्मॅलिनमध्ये गेली व तेथे किती तास राहिली? त्याच काचेवर निरोगी नलिका असल्यास तीत रंग आला होता काय? ग्राही निश्चित असलेला व निश्चित नसलेला असे ओळखीचे तुकडे त्याच वेळी तपासून पाहिले होते काय? आणि ही प्रयोगशाळा आपला काटा बाहेरील संस्थेकडून नियमित तपासून घेते काय? हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नव्हे. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २०२० साली सुधारलेल्या नियमांत, निकाल 'नाही' किंवा अगदी थोडा 'आहे' असा आला असता या ओळखीच्या वजनांची स्थिती अहवालात लिहावी असे सांगितले आहे. डेन्मार्कमधून चालणाऱ्या नॉर्डिक्यूसी या संस्थेचे कामच मुळी निरनिराळ्या प्रयोगशाळांना काचा पाठवून त्यांचे रंगकाम तोलणे हे आहे. यांखेरीज एक व्यवहाराची गोष्ट: मेणाचा ठोकळा जपला जाईल असे पाहा. सोन्याच्या दागिन्याची पावती आपण जपतो. अक्काच्या बाबतीत सुईच्या तुकड्याचा तो नखाएवढा ठोकळा हरवला असता तर दुसरी परीक्षा कशावर झाली असती?

अखेर आपल्या संघाविषयी. आपला वैद्यकीय साहाय्य निधी सभासदांच्या कुटुंबांस शस्त्रक्रियेसाठी व औषधांसाठी मदत देतो, ही भूषणाची गोष्ट आहे. परंतु औषध कोणते हे ज्या परीक्षेवरून ठरते तिच्या खरेपणासाठी आपण आजवर एक पैसाही खर्च केलेला नाही. माझी सूचना अशी आहे. स्तनाच्या कर्करोगात ग्राहीची उत्तरे 'नाही' आली आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांस शंका वाटली, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा फेरतपासणी करून घेण्याचा खर्च निधीने उचलावा. कडक औषधांच्या एका खेपेच्या मानाने तो खर्च लहान असतो. दुसरे असे की एखाद्या रुग्णालयास आपण देणगी देऊ तेव्हा नाव कोरलेल्या फरशीऐवजी त्या प्रयोगशाळेच्या बाहेरील तपासणीची वार्षिक वर्गणी आपण भरावी. त्या वर्गणीवर नाव कोरता येत नाही, हे मी जाणतो.

येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. सभासदांनी त्यावर साधकबाधक बोलावे, दुरुस्त्या सुचवाव्यात. अक्काला हा मजकूर वाचून दाखविला तेव्हा आपले दुखणे छापून येणार म्हणून ती प्रथम रागावली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "लिही. पण बायकांनी लवकर सांगावे, हेही लिही." तेही लिहिले आहे.